‘३+’वर किमतीचं स्टिकर चिकटवणाऱ्यांस

मुंबईतल्या समस्त खेळणी-विक्रेत्या बंधुभगिनींस,

स. न. वि. वि.

मी भांडुपला राहतो. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये ३४ वर्षं टर्नर, म्हणजे लेथवर काम करणारा होतो, आता निवृत्त आहे. पत्रं लिहायची सवय नाही. आमचं लिहिणं म्हणजे जॉबकार्डावर माप नि खाली सही. तेव्हा एखादा शब्द वाकडा गेला तर सांभाळून घ्या. मापात मात्र चूक सापडणार नाही.

आमची नात चिमी गेल्या महिन्यात एक वर्षाची झाली. सोसायटीच्या हॉलमध्ये वाढदिवस केला, ३७ भेटी आल्या. चांदीची वाटी, वाळे आणि कपडे सोडले तर बाकीचा माल तुमच्याकडचा. रात्री अकरा वाजता पलंगावर ढीग घालून मोजदाद केली. तीन एकसारखे ‘लॅपटॉप’, दोन वॉकर, बॅटरीवर चालणारी लाल जीप, चुंबकाचे ठोकळे, बारीक तुकड्यांचा एक भलामोठा सेट आणि चिमीच्या दुप्पट उंचीचं अस्वल. आमचं घर वन बीएचके, ४२० चौरस फूट. जीप आत आली तेव्हा मुलाला पॅसेजमध्ये जाऊन उभं राहावं लागलं.

एका वॉकरच्या खोक्यात तळाशी चिठ्ठी निघाली, ‘चि. अथर्वला अनेक आशीर्वाद’. म्हणजे तो वॉकर कुणा अथर्वच्या माळ्यावरून आमच्याकडे आला होता आणि त्याच्याकडेही कुठून तरी आलाच असेल. आम्हीही असल्या वस्तू फिरवलेल्या आहेत, खोटं कशाला बोलू? पण या वेळी मनात आलं, जी वस्तू घराघरांतून नुसती फिरते आणि कुणीच उघडत नाही, ती मुळात विकली कशी जाते?

तशी ती विकली जाते हे मी स्वतः पाहिलंय, कारण गिऱ्हाईक म्हणून मीही तिथे उभा राहिलोय. माणूस ऑफिसातून सुटून दादरला उतरतो. पावणेनवाला डोंबिवलीचा नाहीतर बोरिवलीचा हॉल गाठायचा असतो. दुकानात शिरून तो म्हणतो, “एक वर्षाच्या मुलाला द्यायला काहीतरी दाखवा.” तुमचा पहिला प्रश्न, “बजेट?” दुसरा, “मुलगा की मुलगी?” तिसरा प्रश्न नसतोच. पाचशे रुपयांत जे मोठं दिसतं ते काउंटरवर येतं, मुलगी असेल तर गुलाबी येतं, चमकीचा कागद लागतो, माणूस पळतो. दोन मिनिटांत व्यवहार. गाळ्याचं भाडं, सणासुदीची गर्दी, ऑनलाइनवाल्यांची मारामारी हे सगळं मला कळतं. पण ज्याच्यासाठी खरेदी चाललीय तो बारा महिन्यांचा इसम या दोन मिनिटांत कुठेच नसतो. त्याला अजून बोलता येत नाही, म्हणून त्याच्या वतीनं हे पत्र.

आता मुद्द्याचं. वाढदिवसाला तीन दिवस झाले असतील. दुपारची वेळ. आमच्या हिचा एक नियम आहे: मूल रडत असेल तर हातातलं काम उरकून जावं, गप्प असेल तर हातातलं टाकून जावं. चिमी गप्प होती. ही गेली तर पोरगी भिंतीला टेकून बसलेली, मांडीवर कापडी ससा, आणि तोंड चाललंय. हिनं “आ कर बघू” म्हणत स्वतः आ करून दाखवलं. चिमीनं नक्कल केली आणि लाळेबरोबर एक काळा मणी हिच्या तळहातावर पडला. सशाचा डोळा. बाकी काही झालं नाही. चिमी परत सशाचा कान चावायला लागली. मी मात्र कपाटातला व्हर्निअर काढला. १२.३ मिलिमीटर. माझे हात थोडे हलत होते, म्हणून तीनदा मोजलं.

सशाच्या लेबलवर गोलात बाळाचा चेहरा नि त्यावर तिरकी रेघ अशी खूण होती, ती शून्य ते तीन वयाला मनाई करणारी. ती मला आधी दिसली नव्हती, कारण तिच्यावर बरोब्बर किमतीचं स्टिकर होतं. नखानं खरवडलं तर अर्धं निघालं.

ज्यानं ससा दिला होता त्याच्याकडून दुकान विचारून घेतलं आणि गेलो. नाव लिहीत नाही. आज त्यांचं छापलं तर उरलेले सगळे म्हणतील, आपण नव्हे. मालक सज्जन गृहस्थ, ससा बदलून द्यायला तयार झाले. पण वर म्हणाले, “काका, आजकालची मुलं हुशार असतात हो. तीनचं खेळणं एकालाच जमतं त्यांना.”

त्या एका वाक्यासाठी हे सगळं पत्र लिहितोय. कारण नंतर मी जिथे जिथे विचारलं, तिथे तिथे हेच ऐकलं, कधी मराठीत, कधी हिंदीत, कधी गुजरातीत. आणि आजी-आजोबांनाही ते ऐकायला गोड लागतं. आमची नात काय बाई हुशार! पण बंधूंनो, बाळाच्या चेहऱ्यावर रेघ मारलेली ती खूण अकलेची नाही, घशाची आहे. पोर कितीही हुशार असलं तरी त्याची श्वासनलिका इतर पोरांइतकीच अरुंद. उलट हुशार पोर डोळा लवकर उपटतं. या वयाला अंगठा नि तर्जनीच्या चिमटीत फरशीवरचा मोहरीचा दाणाही उचलता येतो आणि उचललेलं पहिल्यांदा तोंडात जातं, कारण वस्तू ओळखायची त्यांची ती पद्धत आहे. तीन वर्षांच्या मुलाला जमेल अशी चिमटी आणि सहा महिन्यांच्या मुलाची जीभ, असा हा वर्षाचा काळ.

घरी आल्यावर भारतीय मानक ब्युरोचं मानक वाचायला घेतलं. ही मानकं त्यांच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. खेळण्यांसाठी आयएस ९८७३, भाग १. भाषा रुक्ष आहे, पण मला रुक्ष भाषेचं वावडं नाही. त्यात एका नळकांड्याचं ड्रॉइंग आहे. आतला व्यास ३१.७ मिलिमीटर, तळ तिरका, एका बाजूला खोली २५.४, दुसऱ्या बाजूला ५७.१. जुन्या टर्नरला हे आकडे बघून हसू येतं, कारण हे मिलिमीटरचा सदरा घातलेले इंच आहेत: सव्वा, एक, सव्वादोन. आणि ५७.१ मधून २५.४ गेले की उरतात ३१.७, व्यासाइतकेच. म्हणजे तळाचा उतार पंचेचाळीस अंश. हे दिसल्यावर मला राहवेना. भांडुपलाच एका मित्राचा गाळा आहे, त्याच्या लेथवर ४५ मिलिमीटरचा नायलॉनचा रॉड चढवला, बोअर मारून आतून पोकळ केला, वेगळ्या रॉडची खुंटी पंचेचाळीस अंशांत कापून खालून ठोकली. दीड तासाचं काम. सहा वर्षांनी लेथला हात लावला होता, तो आनंद वेगळाच.

वापर असा. खेळणं किंवा त्याचा सुटणारा भाग नळकांड्यात सोडायचा. दाबायचं नाही, ढकलायचं नाही, वाटेल तसं फिरवून बघायचं. काठाच्या वर काही न राहता पूर्ण आत बसला तर तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात तो द्यायचा नाही. वस्तू आत जाते की नाही एवढ्यावरून पास-नापास ठरवणाऱ्या अशा मापाला आमच्याकडे गो-नो-गो गेज म्हणतात. फरक एवढाच की इथे ‘गो’ म्हणजे रिजेक्ट. गिऱ्हाइकाला पटवायचं असेल तर खिशातलं दहा रुपयांचं नाणं टाकून दाखवा. ते २७ मिलिमीटरचं असतं, आडवं आत जातं. चेंडूंचं माप निराळं, कारण गोल वस्तू घशाला बुचासारखी बसते. त्याला साडेचव्वेचाळीस मिलिमीटरची रिंग, म्हणजे आमच्या भाषेत पावणेदोन इंच. त्यातून पार होईल तो चेंडू या वयाला नको. टेबल टेनिसचा चेंडू ४० मिलिमीटरचा असतो. नळकांड्यात तो जात नाही, रिंगमधून मात्र आरामात जातो.

गेज खिशात, व्हर्निअर पिशवीत, असा मी चार दिवस मार्केटात फिरलो. क्रॉफर्ड मार्केट, अब्दुल रहमान स्ट्रीट, मग दादर, रानडे रोड. पहिल्याच दुकानात व्हर्निअर बाहेर काढल्याबरोबर मालकांनी कटिंग मागवला आणि हळूच विचारलं, “साहेब, कुठल्या डिपार्टमेंटचे?” मी म्हटलं, आजोबा डिपार्टमेंटचा. ते हसले, पण चहा संपेपर्यंत त्यांनी मला गल्ल्याजवळून हलू दिलं नाही.

बहुतेकांनी मला आयएसआयचा शिक्का दाखवला. तो असायलाच हवा. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना तो सक्तीचा आहे, आणि शिक्क्याखालचा सीएम/एल नंबर ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकला की परवाना खरा की खोटा ते कळतं. पण इथे एक गफलत होते. त्या शिक्क्याचा अर्थ ‘कुणालाही द्या’ असा नाही. खोक्यावर जे वय आहे त्या वयाला हा माल बरोबर आहे, एवढंच तो सांगतो. तीन वर्षांवरच्या मुलांसाठी बनलेला, शिक्का असलेला, एक नंबरचा ठोकळ्यांचा सेट एक वर्षाच्या मुलापुढे ठेवलात तर कारखान्याची चूक नाही, ब्युरोची नाही. ती चूक काउंटरवर झाली.

एका दुकानातला अनुभव मुद्दाम सांगतो. तिथल्या तरुण मालकानं मला स्टूल दिलं आणि ‘बेबी’ लिहिलेल्या फळीवरची अकरा खेळणी स्वतःच काढून पुढ्यात ठेवली. आम्ही दोघं तासभर बसलो. दहा पास. अकरावी एक ओढायची गाडी, तिच्या चाकाची टोपी त्याच्या नखानं निघाली आणि टुपकन नळकांड्यात जाऊन बसली. तो काही बोलला नाही, गाडी काउंटरखाली ठेवून दिली. मग तोच उठला नि गाणाऱ्या खेळण्यांच्या फळीकडे गेला. बॅटरीचं झाकण स्क्रूचं आहे की नुसतं सरकवायचं, ते बघायला लागला. मी सांगायच्या आधी!

कारण बटण सेलचं प्रकरण घशात अडकण्याहूनही वाईट आहे. खेळण्यांत, गाणाऱ्या ग्रीटिंग कार्डांत, रिमोटमध्ये ते चपटे चकचकीत सेल असतात. मोठा २० मिलिमीटरचा, छोटा साडेअकराच्या आसपास. पोरानं गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर तिथल्या ओलाव्यातून सेलचा करंट वाहायला लागतो आणि आतली कातडी भाजत जाते. दोन तासांत खोल इजा होऊ शकते. गाणं वाजेनासं झालेला सेलही सुरक्षित नाही, एवढं करायला त्याच्यात जीव उरलेला असतो. गिळल्याचा नुसता संशय आला तरी उद्या बघू म्हणायचं नाही, तडक हॉस्पिटल गाठायचं. चुंबकांचंही तेच, दोन गिळली गेली तर आतड्याच्या दोन वेटोळ्यांना मध्ये धरून एकमेकांना चिकटतात. फुग्यांचं तर तुम्हाला ठाऊकच असेल. फुटलेल्या रबरी फुग्याचा तुकडा घशावर पापुद्र्यासारखा बसतो, आणि आपण त्या फुग्यांच्याच कमानीखाली बाळाला बसवून फोटो काढतो. आमच्याकडेही कमान होती.

वॉकरवर मात्र थोडं थांबणार आहे, कारण तो खूप खपतो आणि आई-बापांना तो खेळणं नव्हे, गरज वाटतो. गोल चौकट, मध्ये झोळी, झोळीत लटकलेलं पोर, पायाची नुसती बोटं टेकलेली. त्यानं चालणं लवकर येतं हा समज आहे. पोर चालत नसतं, लटकून ढकलत असतं. आणि ते इतकं वेगानं जातं की दोन पावलांवर बसलेली आईही पोहोचत नाही. आपल्या इमारतींत दार उघडं राहिलं की समोर जिना. कॅनडानं २००४ साली या वॉकरवर सरसकट बंदी घातली, विकायलाच नव्हे, जाहिरात करायलाही. आपल्याकडे तो अजून ‘मस्ट आयटम, काका’.

आणि गंमत अशी की याचं उत्तर आपल्याकडे केव्हापासून होतं. पांगुळगाडा! तीन लाकडी चाकं, धरायला आडवी दांडी. पोर स्वतःच्या पायावर उभं, दांडी धरून ढकलणारं. दमलं की आपोआप खाली बसणार. जेवढी ताकद तेवढाच वेग. मी स्वतः पांगुळगाड्यावर चाललो, माझा मुलगा चालला. त्याचा गाडा सावंतवाडीच्या चितार आळीतून आणला होता, लाल-पिवळ्या रंगाचा. तो माळ्यावर नीट बांधून ठेवलेला होता, जीप ठेवायला माळा रिकामा करताना सापडला. एक खोड आहे, हलका असल्यानं सुरुवातीला पुढे पळतो नि पोर तोंडावर येतं. मी त्याच्या बुडाशी दोन किलो तांदळाची पिशवी बांधली. चिमी परवा कॉटपासून गॅलरीपर्यंत गेली. चार पावलं, एक बसकण, चार पावलं.

मुंबईत पांगुळगाडा शोधायला निघालो तर पाच दुकानांत विचारावं लागलं, आणि दोन पोरांनी ‘वो क्या होता है’ म्हटलं. नोंदणीकृत हस्तकारागिरांनी बनवून विकलेल्या खेळण्यांना आयएसआयच्या सक्तीतून सूट आहे. शिक्का नसल्यानं तपासायची जबाबदारी तेवढी तुमच्यावर येते: रंग नखानं निघतो का, कडा गोल आहेत का, चाकाची खुंटी हलते का. पाच मिनिटांचं इन्स्पेक्शन.

तुम्ही विचाराल, मग चिमी खेळते कशाशी? सांगतो, पण तुमच्या धंद्याला ते फारसं सोयीचं नाही. एक स्टीलचा उभा डबा आहे. हिच्या जुन्या प्लास्टिकच्या बांगड्या आहेत, दोन-चारच्या मापाच्या, सात. चिमी एक बांगडी उचलते, डब्याच्या तोंडाशी धरते, माझ्याकडे बघते, सोडते. टण्ण. मग डब्यात डोकावते. गेलेली वस्तू आत आहे, हा शोध तिला रोज नव्यानं लागतो. सातही झाल्या की डबा उपडा आणि पुन्हा पहिल्यापासून. एकदा मी मोजलं, सलग २३ मिनिटं. लॅपटॉप तिनं एकूण चार मिनिटं बघितला, त्यातली दोन मिनिटं तो उलटा होता. ‘ए फॉर ॲपल’ तोच म्हणतो, तोच टाळ्या वाजवतो, तिला करायला काही ठेवतच नाही.

आत घालणं, बाहेर काढणं, पाडणं, ढकलणं, झाकण उघडणं: या वयाचा धंदा एवढाच. त्याला जोगा माल तुमच्याकडे असतोही. एकात एक बसणारे पेले, जाड पुठ्ठ्याची पुस्तकं, कापडी चेंडू, मोठे लाकडी ठोकळे. पण ते सगळं खालच्या फळीवर, धूळ खात, कारण खोकं लहान नि किंमत दीडशे-दोनशे. पाहुण्याला लाज वाटते लहान खोकं द्यायला. ही लाज तुम्हीच घालवू शकता. तीन लहान वस्तू वेताच्या टोपलीत मांडून द्या, टोपलीही पोराच्या खेळात जाईल आणि तुमचे पाचशेही होतील. आता धंदा मी शिकवू नये, पण सुचलं ते लिहिलं.

मागणं फार नाही. बजेटच्या आधी विचारा की बाळ उभं राहतं का आणि घर केवढं आहे. एक वर्षाचं बाळ तोंडात घालतं का, हे विचारायची गरज नाही, घालतंच. किमतीचं स्टिकर खोक्याच्या दुसऱ्या कोपऱ्यावर लावा, जागा पुष्कळ असते. पहिल्या वाढदिवसाची भेट महिनाभर बदलून द्या. तीन लॅपटॉप आलेल्या घराला दोन परत करून पेले नेता आले, तर तेही एक गिऱ्हाईकच आहे. आणि गिऱ्हाईक ‘चालतं हो, मोठी बहीण आहे घरात’ म्हणालं, तर एकदा तरी म्हणा की चालत नाही.

आणि काउंटरवर ते नळकांडं ठेवा. स्टूल देणाऱ्या त्या तरुण मालकाकडे माझं पहिलं गेज मी ठेवून आलो, त्यानंच मागितलं. बिलबुकाशेजारी उभं असतं. त्याचा परवा फोन आला होता, गिऱ्हाइकं आता आपणहून नाणं टाकून बघतात म्हणे, आणि पोरं त्यात पेनं ठेवतात.

एक मीटर नायलॉन रॉडमध्ये चौदा गेज निघतात. रॉड आणलेला आहे. पहिल्या चौदा दुकानदारांना फुकट देईन, दुकानात येऊन देईन, वापरूनही दाखवीन, कटिंग पाजलात तर नाही म्हणणार नाही. पंधराव्याला मात्र रॉडचे पैसे द्यावे लागतील.

आपला,
भांडुपचा एक निवृत्त टर्नर

ता. क. लाल जीप विकायची आहे. खोकं फोडलेलं नाही. वय ३+.